जुन्या मियाटाचे इंजिन आणि क्लच एकाच खेपेत कसे बदलावे

माझदा एमएक्स-५, म्हणजेच मियाटा, १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. पहिल्या पिढीच्या १.६ लिटर गाडीत इंजिन पुढे उभे, मागे गिअरबॉक्स आणि ताकद मागच्या चाकांना, अशी सरळ मांडणी असते. त्यामुळे घरच्या गॅरेजमध्ये दोघांना हे काम जमते. नवशिक्यांनी दोन शनिवार-रविवार हातात ठेवावेत.

आधी दुखणे ओळखा

गिअर पडत नाही म्हणून लगेच क्लच उघडू नका. या गाडीत गिअरबॉक्सवरचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा) गळणे ही नेहमीची तक्रार आहे. पेडल खाली बसत असेल, तर सिलिंडरचे रबरी बूट उचलून पाहा. आत ओल असेल तर काम तासाभराचे आहे, इंजिनाला हात लावायची गरज नाही. क्लच प्लेट खरोखर झिजली असेल तर चौथ्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम चढतो, वेग मात्र तिथेच राहतो.

बेलहाउसिंगखाली (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या पुढच्या भागाखाली) तेल दिसले की क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, मागच्या सीलवर आळ येतो. पण १.६ इंजिनात हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर (कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा) असतो आणि त्याचा ओ-रिंग कडक झाला की तेल तिथूनच ओघळते. इंजिन बाहेर निघणारच असेल तर दोन्ही बदला.

दुसरे इंजिन घेताना

क्रँक पुली आधी पाहा. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचे नाक, म्हणजे पुली बसते ते पुढचे टोक, आखूड होते. चावीची खाच सैल होऊन टायमिंग भरकटे, आणि शेवटी क्रँकच निकामी होई. पुलीच्या पुढच्या बाजूला चार खाचा दिसल्या तर नाक आखूड, आठ दिसल्या तर लांब. लांब नाकाचेच घ्या.

शक्य असेल तर इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा. सुस्थितीतले १.६ इंजिन १९० पीएसआयच्या आसपास दाखवते. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण चार सिलिंडरांत २८ पीएसआयहून जास्त फरक असेल तर सौदा सोडा.

जमवाजमव

एक टनाची इंजिन क्रेन (बऱ्याच देशांत भाड्याने मिळते), तिरपे धरण्यासाठी लेव्हलर, गाडी टेकवायच्या चार घोड्या (जॅक स्टँड), ट्रॉली जॅक, १० ते २१ मिमीचे सॉकेट, लांब एक्स्टेन्शन आणि टॉर्क पाना. क्लचच्या संचात प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि प्लॅस्टिकचा अलाइनमेंट दांडा असायला हवा. १.६ चा क्लच २०० मिमीचा, १.८ चा २१५ मिमीचा. १.८ इंजिन बसवत असाल तर फ्लायव्हीलही त्याचेच वापरा. इंजिन ऑइल साधारण साडेतीन लिटर, कूलंट सहा लिटर आणि गिअरबॉक्ससाठी ७५डब्ल्यू-९० जीएल-४ दर्जाचे तेल दोन लिटर लागते.

उतरवणे

आदल्या दिवशीच सायलेन्सर पाइपच्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. इंजिन चालू ठेवून पेट्रोल पंपाच्या रिलेचा कनेक्टर काढा. इंजिन बंद पडले की नळ्यांतला दाब उतरलेला असतो. मग डिक्कीतल्या बॅटरीची तार सोडा.

बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती खुणा करून बॉनेट काढा. कूलंट, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल सोडा. गिअरबॉक्सचा भरायचा बोल्ट आधी सैल करा, मगच खालचा. भरायचा बोल्ट अडकलेला निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावे लागते. रेडिएटर पंख्यांसह काढा. एसीचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप यांच्या नळ्या न उघडता, बोल्ट काढून बाजूला बांधा.

आता तारा. प्रत्येक कनेक्टरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा आणि फोटो काढा. ॲक्सिलरेटर केबल, पेट्रोलच्या दोन नळ्या, हीटरच्या नळ्या, ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी आणि एअर फ्लो मीटर सुटे करा. कॅम अँगल सेन्सरच्या जागेची खूण करून तो आधीच काढा, कारण इंजिन तिरपे होताना मागच्या पत्र्यावर पहिला घाव त्यालाच बसतो.

आतून गिअर लीव्हर काढा. खालचे छोटे रबरी बूट फाटलेले असतेच, नवे घ्या. गाडीखाली प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खूण करून तो ओढा. स्पीडोमीटरची केबल आणि रिव्हर्स स्विच सोडा. स्लेव्ह सिलिंडर नळीसकट बाजूला बांधा आणि पेडलला पाय लावू नका.

या गाडीची खासियत म्हणजे पीपीएफ (पॉवर प्लँट फ्रेम): गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी लांब ॲल्युमिनियमची चौकट. सोडण्याआधी खालच्या दोन चासी रेल्सवर सरळ पट्टी आडवी धरून चौकटीपर्यंतचे अंतर लिहून ठेवा. गिअरबॉक्सखाली जॅक लावा, मगच बोल्ट काढा.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच बाहेर काढा. स्टार्टरचे आणि बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट गाडीखाली झोपून सोडवणे हा छळ आहे, जमिनीवर तेच काम पाच मिनिटांचे. जोडीचे वजन दीडशे किलोहून जास्त भरते. साखळी हेडच्या लिफ्टिंग हुकांनाच अडकवा, इंजिन माउंटचे नट काढा आणि शेपूट खाली झुकवून हळूहळू उचला. लोंबत्या इंजिनाखाली हात घालू नका.

क्लच बसवणे

नव्या इंजिनाचा मागचा सील बदलून तो सीलच्या हाउसिंगच्या काठाशी सपाट बसवा. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पुढचे सील आणि हेडच्या मागच्या नळ्याही आत्ताच बदला. बेल्ट बसवताना कॅम पुल्यांवरच्या आय आणि ई या खुणांमध्ये बेल्टचे १९ दात मोजा. क्रँक पुलीचा मोठा बोल्ट लांब नाकाच्या इंजिनावर १५७ ते १६७ न्यूटन-मीटर.

फ्लायव्हील घासून सपाट करून घ्या. त्याच्या सहा बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावा, नाहीतर तेल त्याच वाटेने झिरपते. टॉर्क ९६ ते १०३ न्यूटन-मीटर. पायलट बेअरिंग नवे ठोका. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटची तोंडे ब्रेक क्लीनरने पुसा. बोटांचे तेलही क्लचला थरथरवते. क्लच प्लेटची फुगीर, स्प्रिंगांची बाजू गिअरबॉक्सकडे. उलटी बसली तर क्लच सुटत नाही आणि सगळे पुन्हा उतरवावे लागते. अलाइनमेंट दांडा घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट आलटून-पालटून, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यांनी १८ ते २६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या स्प्लाइनवर (दात्यांवर) ग्रीसचा नुसता हात फिरवा. जास्तीचे ग्रीस उडून प्लेटवरच जाते.

गिअरबॉक्स हाताने सरकून बेलहाउसिंगला भिडला पाहिजे. थोडी फट राहिली तर तो गिअरमध्ये टाकून मागचा शाफ्ट फिरवा. बोल्टांनी ओढून बसवू नका, त्यात प्लेटचा हब वाकतो किंवा बेलहाउसिंगचा कान मोडतो.

परत बसवून सुरू करणे

उलट क्रमाने चढवा. पीपीएफचे अंतर टिपणाशी जुळवून बोल्ट १०४ ते १२४ न्यूटन-मीटर आवळा. अंतर चुकले तर ठरावीक वेगाला गाडी गुणगुणते. इंजिन ते चासी अर्थिंगची पट्टी विसरू नका. ती सुटी राहिली तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटर केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. लीव्हरच्या खोबणीत गिअर ऑइल सुमारे ८० मिली घाला. स्लेव्ह सिलिंडर नवा बसवून हवा काढा.

पहिल्यांदा कॅम अँगल सेन्सरचा कनेक्टर जोडलेला नको. स्टार्टर थोडा-थोडा वेळ फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा हलला की कनेक्टर जोडा. हायड्रॉलिक लिफ्टर सुरुवातीला टकटकतात, तेल भरले की थांबतात. हीटर पूर्ण गरमवर ठेवून कूलंटमधली हवा जाऊ द्या. डायग्नोसिस डबीत टीईएन आणि जीएनडी जोडून टायमिंग लाइटने १० अंश बीटीडीसी (पिस्टन सर्वांत वर पोचण्याआधी) आणि आयडल ८५० आरपीएमला लावा.

पहिले ८०० किलोमीटर शहरातच, सौम्य पायाने चालवा. शंभर किलोमीटर झाल्यावर पीपीएफचे आणि सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा तपासा आणि स्लेव्हच्या नळीच्या जोडाखाली बोट फिरवून ओल नाही ना ते पाहा.