सोलापुरात खडे शोधायला निघताय? या चुका टाळा

सीनेच्या पात्रात पाण्यातून उचललेला खडा मधासारखा तांबूस, आतून पेटल्यासारखा दिसतो. घरी येऊन पिशवी उलटी केली की समोर मूठभर मातकट दगड. ओल्या दगडावर भाळणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. खडबडीत पृष्ठभागावर पाण्याचा थर बसतो आणि रंग खुलतो, एवढंच ते. खडा शर्टाला पुसा, दोन-चार मिनिटं उन्हात वाळू द्या आणि मग सूर्यासमोर धरा. कोरडा असतानाही ज्याच्या कडेतून उजेड पाझरतो, तो अकीक (ॲगेट) किंवा त्याच्या कुळातला. बाकीचे तिथेच ठेवून या.

माणिक, नीलम, पुखराज मनात धरून निघालात तर हिरमोड ठरलेला. आपला खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि ही रत्नं या खडकात तयार होत नाहीत. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजं आणून भरली: अकीक, गारगोटी, क्वचित जांभळा कटेला (ॲमेथिस्ट), शिवाय कॅल्साइट आणि झिओलाइट. मला विचाराल तर यातला एखादा पट्ट्यापट्ट्यांचा अकीक अंगठीतल्या विकतच्या खड्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

त्यामुळे काळ्या पाषाणावर हातोडा आपटत बसू नका. लाव्हाच्या थराचा मधला भाग घट्ट असतो, बुडबुडे वरच्या अंगाला गोळा झालेले असतात. पांढरे ठिपके असलेला तो ठिसूळसर दगड विहीर खणणारे मांजऱ्या म्हणून ओळखतात. तो शोधायला डोंगर चढावा लागत नाही, विहिरीच्या उपशाचा ढीग पुरतो. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचे जगभर गाजलेले हिरव्या अपोफिलाइट खनिजाचे नमुने विहिरीच्या खोदकामातच निघाले.

मात्र ढीग कुणाच्या तरी शेतात असतो. अक्कलकोट रस्त्याला एकदा मी न विचारता वाकून बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय हुडकालाव ओ?" मी हातातला पांढरा तुकडा दाखवला. आजोबा हसले, "असले लई निघाले तळाला. या, दावतो." आधी विचारलं असतं तर अर्धा तास वाचला असता. पेरणी झालेल्या रानात तर पाऊलच टाकू नका. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पडते.

त्या दिवशी मिळालेला स्टिलबाइट या झिओलाइटचा गुच्छ मी घरी स्वतःच्या हाताने घालवला. पंख्यासारख्या उघडलेल्या, मोतिया चमकेच्या पात्या होत्या. माती निघेना म्हणून संडास साफ करायचं ॲसिड ओतलं. पात्यांची झळाळी गेली, कडा पिठूळ झाल्या. आम्लात झिओलाइट टिकत नाही, अपोफिलाइट नाही, कॅल्साइट तर फसफसून विरघळतो. साधं पाणी, मऊ टूथब्रश आणि सबुरी, बस्स. उकळत्या पाण्याचा मोहही टाळा. झिओलाइट खनिजांच्या आत पाणी असतं; १७५६ मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने ती तापवली तेव्हा त्यांतून वाफ निघाली, म्हणून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचं झिओलाइट हे नाव पडलं.

कॅल्साइटला स्फटिक (म्हणजे गारगोटी, क्वार्ट्झ) समजणं ही रोजची गफलत. चाकूचं टोक ओढून बघा: कॅल्साइटची कठीणता मोह्सच्या १ ते १० या मापावर ३, त्यावर चरा पडतो, स्फटिकाची ७, त्यावर पडत नाही, उलट स्फटिकच काचेवर चरा पाडतो. आत गोल बुडबुडे दिसले तर बहुतेक ती बाटलीची घासलेली काच.

पोकळी दिसली की थेट तिच्यावर घाव घालू नका. वीतभर लांबून छिन्नी लावा, डोळ्यांवर गॉगल हवाच. उडालेली कपची डोळा घालवते. चालू खडीखाणीत सुरुंग लागतात, परवानगीशिवाय आत जाऊ नका. भीमेत उतरण्याआधी उजनीतून पाणी सोडलंय का याची गावात चौकशी करा.

अकीक, जास्पर, कॅल्साइट यांना केंद्राने फेब्रुवारी २०१५ मध्ये गौण खनिजांत घातलं आहे; क्वार्ट्झही त्यात होता, फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पुन्हा मुख्य खनिजांत गेला. खोदून पोती भरायची असतील तर महसूल खात्याची परवानगी लागते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही. किल्ल्याच्या, देवळाच्या आवारातूनही नाही. बार्शीपलीकडे तेरसारख्या जुन्या वस्तीच्या गावात भोक पाडलेला मणी दिसला तर तो खडा नाही, पुरावस्तू आहे. तिथल्या संग्रहालयात कळवा.

वेळ निवडायची तर पावसाळा सरल्यावरची सकाळ. तिरप्या उन्हात सूर्याकडे तोंड करून चाललं की जमिनीवरचे अकीक दिव्यासारखे लुकलुकतात. एप्रिल-मेच्या दुपारी इथे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा घरीच थांबा.

प्रत्येक खडा वेगळ्या कागदात गुंडाळा आणि कागदावर गाव, गट नंबर, तारीख, विहीर की ओढा हे जागेवरच लिहा. एसटीत मांडीवर पिशवी घेऊन परतताना सगळं लक्षात राहील असं वाटतं. आठ दिवसांनी कुठला खडा मोहोळचा आणि कुठला मंगळवेढ्याचा, हे सांगता येत नाही.