लग्न करून अमेरिकेला जाताना: ४६ किलोंत काय बसवायचं?

व्हिसा हातात आल्यावर मी मुंबईहून न्यू जर्सीला आले तेव्हा माझ्या सामानात दोन कुकर होते. एक आईने दिलेला, एक रुखवतातला. तिसरा नवऱ्याच्या ओट्याखाली आधीपासूनच होता. पोळपाट मात्र घरात एकही नव्हता. पहिले तीन आठवडे मी भाजी चिरायच्या फळीवर काचेच्या बाटलीने पोळ्या लाटल्या.

तेव्हापासून ओळखीपाळखीत कुणाचं लग्न ठरून अमेरिकेला जायचं निघालं की मला फोन येतो, "काय काय नेऊ?" त्या सगळ्या फोनांचं उत्तर इथे एकत्र लिहिते आहे. बहुतेक फोन मुलींचे असतात, पण बायकोच्या नोकरीमागे निघालेला नवराही हेच वाचू शकतो. नऊवारीचा भाग सोडून द्यावा.

१. आधी व्हिडिओ कॉल

बॅग काढण्याआधी जोडीदाराला फोन हातात घेऊन घरभर फिरायला लावा. "सगळं आहे गं" या उत्तरावर विश्वास ठेवू नका. स्वयंपाकघरातला एकेक खण उघडून दाखवायला सांगा. मुख्य प्रश्न शेगडीचा: गॅस आहे की सपाट काचेची विजेची शेगडी? काचेची असेल तर खोलगट बुडाची कढई, मध्ये दबलेला लोखंडी तवा, गोल बुडाचं पातेलं, सगळं बाद. तिथे सपाट बूडच लागतं. आचेवर फुलका फुगवणंही विसरा, किंवा एक जाळी न्या. जाळीला वजन नसतं.

कपाट किती आहे तेही बघा. एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये दोघांत एक कपाट असेल तर तीस साड्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

२. जमिनीवर चादरी अंथरा

बहुतेक विमान कंपन्या अमेरिकेच्या तिकिटावर २३ किलोंच्या दोन बॅगा आणि सात-आठ किलोंची एक केबिन बॅग देतात. स्वस्त तिकिटात कधी कधी एकच मोठी बॅग मिळते, तेव्हा तिकीट नीट वाचा. रिकाम्या बॅगेचंच वजन चार किलोंच्या आसपास असतं, म्हणजे हातात उरतात साधारण ३८ किलो.

हॉलमध्ये तीन चादरी अंथरा आणि न्यायची वाटणारी प्रत्येक वस्तू त्यावर ठेवा. दोन प्रश्न विचारा. पहिल्या सहा महिन्यांत हिला हात लागेल का? आणि ती तिथे मिळत नाही, किंवा फारच महाग मिळते, असं आहे का? दोन्हीला होय असेल तर पहिली चादर, म्हणजे बॅग. एकालाच होय असेल तर दुसरी चादर, म्हणजे रांग. दोन्हीला नाही असेल तर ती वस्तू माहेरीच सुखात राहील.

रांग हाच या सगळ्याचा कणा आहे. आपण असं सामान भरतो जणू परतीची वाटच नाही. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या मराठी घरात भारतातून सतत कुणीतरी येत असतं: सासू-सासरे, आई-बाबा, नवऱ्याचा मित्र, शेजारच्या काकूंची बहीण. आई-बाबा आले की त्यांच्याच चार बॅगा. तेव्हा आत्ता जे नेत नाही ते सोडत नाही, फक्त मागच्या विमानाने येणार आहे. हे एकदा आईला पटलं की निम्मी भांडणं मिटतात. मात्र परक्या माणसाकडे अर्ध्या किलोच्या वर काही देऊ नये, आणि पुडकं उघडं दाखवूनच द्यावं. शिवलेलं बोचकं कुणाच्या गळ्यात मारणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

३. कागद, आणि तेही केबिन बॅगेतच

विवाह नोंदणी प्रमाणपत्राच्या दोन-तीन मूळ प्रती काढून घ्या. तिथे ज्या कार्यालयात मराठी कागद द्यावा लागेल तिथे सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर मागतात, ते इथूनच करून न्या. जन्मदाखला, सगळ्या गुणपत्रिका, पदवी, आणि विद्यापीठाने सील केलेल्या पाकिटात दिलेल्या ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या विषयांच्या एकत्रित गुणपत्रकाच्या, जादा प्रती. हे पाकीट स्वतः उघडायचं नाही. नोकरीची अनुभवपत्रं, लहानपणापासूनच्या लसींची नोंद, दातांचे आणि डोळ्यांचे रिपोर्ट.

एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्यावर, जाणाऱ्यांना लगेच नोकरी करता येत नाही. २०१५पासून काहींना कामाचा परवाना मिळू शकतो, पण त्यासाठी जोडीदाराची ग्रीनकार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेली असावी लागते. त्यामुळे ऑफिसचे फॉर्मल कपडे आत्ता नकोत. पदवीचे कागद मात्र हवेतच, कारण तिथे शिकायला जायचं मनात आलं तर पहिल्या दिवसापासून तेच लागतात.

लग्नपत्रिकेची एक प्रत आणि लग्नाचे दहा-बारा छापील फोटो फाइलमध्ये ठेवा, व्हिसाच्या मुलाखतीत आणि पुढेही उपयोगी पडतात. लग्नाचा अल्बम नेऊ नका. तो जाड पुठ्ठ्याचा, पेटीतला अल्बम म्हणजे बॅगेतला दगड आहे.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून काढा. तो एक वर्ष चालतो, पण मूळ परवाना जवळ हवाच.

४. स्वयंपाकघर

इथेच सगळ्यांचा तोल जातो, म्हणून जरा सविस्तर.

विजेवर चालणारं काहीही नेण्याआधी त्याच्या पाठीवरची चिठ्ठी वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर सहसा १००–२४० लिहिलेलं असतं, ते फक्त पिन बदलून चालतात. घरातला मिक्सर, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र चालणार नाही. मिक्सरसाठी ट्रान्सफॉर्मर घ्यायचा म्हटलं तर तो मिक्सरपेक्षा जड. तिथल्या विजेवर चालणारे आपल्या पद्धतीचे मिक्सर तिकडच्या भारतीय दुकानांत मिळतात.

कुकर एकच न्यावा, सपाट बुडाचा, तीन किंवा पाच लिटरचा. त्याच्या दोन रिंगा, एक जादा शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सोबत ठेवा. कुकर रिकामा भरू नका, त्याच्या पोटात मसाल्याचे डबे बसतात. लाटणं मोठ्या बॅगेत टाका. केबिनमध्ये ते हत्यार ठरू शकतं.

पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकाचा साचा, आप्पेपात्र: यांतली एकच वस्तू निवडा, पहिला सण कुठला येतो ते बघून. ऑगस्टमध्ये जाणारीने साचा न्यावा, ऑक्टोबरमध्ये जाणारीने सोऱ्या. बाकीची रांगेत. खवणी नकोच, खवलेलं गोठवलेलं खोबरं कुठल्याही भारतीय दुकानात असतं.

डाळी, कणीक, ज्वारीचं पीठ, साबुदाणा, तूप, आमसूल यांतलं काही नेऊ नका. न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर हे सगळं ओळीने मिळतं. छोट्या गावात जाणार असाल तर दुकान किती मैलांवर आहे ते पहिल्या व्हिडिओ कॉलमध्येच विचारून घ्या. न्यायचं ते घरचं: गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ, शेंगदाण्याची चटणी. प्रत्येकी पाव-अर्धा किलो पुरे. पिशवीला दोनदा सील करा आणि वर इंग्रजीत सरळ वर्णन लिहा. हे सगळं मोठ्या बॅगेत. अमेरिकेच्या विमानात केबिन बॅगेतल्या ३५० मिलिलिटरहून जास्त भुकटीची वेगळी तपासणी होते.

तांदूळ, हरभरे आणि सोयाबीन प्रवासी सामानातून नेता येत नाहीत. त्याचं कारण खापरा नावाचा भुंगा, साठवलेलं धान्य पोखरणारा. कढीपत्ता ताजाही नाही आणि वाळवलेलाही नाही, कारण त्यावरची कीड संत्र्या-लिंबाच्या बागा मारणारा रोग पसरवते. मांस, बिया, ताजी फळं-भाज्या नकोत. सुकं खोबरं तर विमानातच चालत नाही. त्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं.

उतरल्यावर विचारलं की खायचं काही आहे, तर "आहे" म्हणून सांगा. सांगितलेली वस्तू बंदीची निघाली तर ती काढून घेतात, एवढंच. लपवलेली सापडली तर दंड होतो. माझ्या मेतकुटाची पिशवी अधिकाऱ्याने हातात घेऊन हलवली, हुंगली आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, भाजलेल्या डाळींचं पीठ. कशात घालता? भातात. त्याने आणखी एकदा हुंगलं आणि पिशवी परत दिली.

५. कपडे

मी चौदा साड्या नेल्या. पहिल्या वर्षी तीन नेसले: मंडळाचा गणपती, संक्रांतीचं हळदीकुंकू, एक बारसं. पैठणी ब्लाउजसकट पाऊण किलो भरली. तेव्हा एक भारी, दोन हलक्या, चार-पाच कुर्ते, आणि परकराच्या दोन जोड्या. परकर आणि शिवलेले ब्लाउज तिकडे जमत नाहीत, जमले तर शिलाई परवडत नाही. ब्लाउजच्या आत शिवणीत कापड ठेवायला शिंप्याला सांगा, पहिल्या हिवाळ्यात अंगावर दोन-तीन किलो चढतातच. मराठी मंडळात रमणार असाल तर शिवलेली नऊवारी न्या, तिला जागाही कमी लागते.

जाड कोट इथून घेऊ नका. इथे मिळणारा कोट तिथल्या जानेवारीला पुरत नाही. हिवाळ्यात पोचणार असाल तर एक स्वेटर, टोपी आणि पायमोजे केबिन बॅगेत ठेवा. बाकी खरेदी पोचल्यावर. चादरी नकोत, तिथल्या पलंगांची मापं वेगळी.

चष्म्याचा जादा जोड मात्र नक्की करून न्या. नेहमीची औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

६. सोनं

मंगळसूत्र, रोजच्या बांगड्या, कानातलं. बस. पाटल्या, तोडे, चपलाहार लॉकरमध्ये. भारतीय घरात सोनं असतं हे तिथल्या चोरांनाही ठाऊक आहे. लॉकर आई किंवा वडिलांच्या नावासह संयुक्त करून घ्या, नाहीतर तो उघडायला तुम्हालाच विमानाने यावं लागेल. जास्त दागिने नेणारच असाल तर सरकारमान्य मूल्यमापकाकडून यादी करून, निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. परत येताना ते दागिने तुमचेच होते हे त्यानेच सिद्ध होतं. यासाठी तासभर लवकर पोचा.

७. देव आणि ओटी

गौरीहराला पुजलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण केबिन बॅगेत, मऊ कापडात. दोन्ही मिळून मुठीत मावतात. समई रांगेत.

ओटीचं आधी बोलून ठेवा, कारण निघायच्या क्षणी कुणी ऐकत नाही. ओटीत तांदूळ आणि नारळ असतात, आणि दोन्ही विमानात अडचणीचे. आमच्याकडे ओटी आदल्या संध्याकाळी भरली. आजी म्हणाली, पदर रिकामा करून लेक घराबाहेर पडत नसते. मग खण आणि हळकुंड पदरातच राहिलं. नारळाच्या वड्या झाल्या, त्यातल्या दोन मी टॅक्सीत खाल्ल्या. तांदळाची आईने दुसऱ्या दिवशी खीर केली आणि मी उतरल्याचा फोन केल्यावर मगच खाल्ली.

८. भरणं आणि तोलणं

टांगून तोलायचा छोटा काटा विकत घ्या आणि बॅग बावीस किलोंवर थांबवा. घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांचं क्वचितच जुळतं. दोघांचं सामान असेल तर प्रत्येक बॅगेत दोघांचेही कपडे घाला, एक बॅग मागे राहिली तरी अडत नाही. घरचं लोणचं साड्यांच्या बॅगेत कधीही नाही. माझ्या एका ओटीच्या खणावर अजून कैरीच्या तेलाचा डाग आहे. पॉवर बँक फक्त केबिनमध्ये.

बॅग बंद करण्याआधी वरून फोटो काढा, बॅग हरवली तर यादी द्यायला तोच उपयोगी पडतो.

आणि हो, दोन प्रश्नांना न जुमानणारी एक वस्तू प्रत्येकाला माफ. मी दोन किलोंची गोधडी आणली होती. व्हॅक्यूमच्या पिशवीत घालून ती चपटी केली, पण वजन तेवढंच राहिलं. तिच्यासाठी एक कुकर मागे ठेवायला हवा होता.

९. मागे राहिलेल्याची यादी

रांगेतल्या वस्तू एका खोक्यात भरून, प्रत्येकीवर वजनाची चिठ्ठी लावून, यादी कपाटाच्या दारामागे चिकटवा. कुणी येणार असलं की आई चिठ्ठ्या बघून ठरवते, "त्यांच्याकडे आठशे ग्रॅम जागा आहे, पुरणयंत्र पाठवू का?" आमच्या यादीतला सोऱ्या दुसऱ्या दिवाळीला आला, समई सासऱ्यांनी आणली, आप्पेपात्र नवऱ्याच्या मित्राने. लग्नाचा अल्बम अजून नाशिकच्या कपाटात आहे. चिठ्ठीवर सहा किलो लिहिलंय, आणि ते वाचून अजून कुणी तयार झालेलं नाही.