ईसीएम गेलाय म्हणायच्या आधी या चुका टाळा

सेल्फ मारला की इंजिन फिरतंय पण पकडत नाही, स्कॅनरवर यू०१०० हा कोड येतोय, आणि मेस्त्री हात पुसत सांगतो, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला, मोठा खर्च आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेरी मारली तरी हे वाक्य ऐकू येईल. भावांनो, त्या कोडचा अर्थ इतकाच की बाकीच्या मोड्यूलना (गाडीतल्या इतर छोट्या कॉम्प्युटरना) ईसीएमचा आवाज येईना, तो मेलाय असं त्यात कुठंच नाही. त्याला सप्लायच मिळत नसेल तर तो बोलणार कसा?

पहिली चूक, बॅटरी न मोजता स्कॅनर लावायचा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको, खाली गेली की एबीएस, स्टीअरिंग, एअरबॅग सगळे दिवे एकदम पेटतात आणि माणूस घाबरून भलतंच बदलत बसतो.

दुसरी चूक लई जण करतात, अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडं जाणारं कनेक्शन, मीटरचा बीप लावून तपासायचा. वायरीची एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतोच, पण लोड आला की ती दम टाकते. म्हणून व्होल्टेज ड्रॉप बघा: मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच), लाल पिन इंजिनच्या मोकळ्या धातूवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टच्या वर गेलं की अर्थ पट्टी काढा, खाली बहुतेक हिरवट गंज सापडेल. ईसीएमच्या अर्थ पिनवर इग्निशन ऑन करून ०.१ व्होल्टपेक्षा कमी पाहिजे. त्याच वेळी फ्यूज आणि मेन रिले (ईसीएमला सप्लाय देणारा स्विच) पण बघून घ्या, रिले स्वस्तातली वस्तू आहे.

मग ५ व्होल्टची लाईन. बऱ्याच सेन्सरना ईसीएम ५ व्होल्ट देतो, त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळी लाईन बसते आणि काही गाड्यांत स्कॅनरशी बोलणं पण बंद. एकेक सेन्सरचा कपलर (वायरीचा जोड) काढत जा, ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो सेन्सरच चोर. हे करताना टेस्ट लॅम्प नको, बल्ब जास्त करंट ओढतो, ईसीएमच्या पिनला तो चालत नाही, मल्टिमीटरच वापरा. कॅनच्या वायरी (ज्यांवरून मोड्यूल एकमेकांशी बोलतात त्या) बघायच्या तर बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथं स्कॅनर लावतो त्या) ६ आणि १४ नंबर पिनमध्ये रेझिस्टन्स मोजा, साधारण ६० ओहम पाहिजे, १२० आले तर एका बाजूचं टर्मिनेशन (लाईनच्या टोकाचा रेझिस्टर) गेलंय किंवा वायर तुटलीय.

आपल्याकडं दोन गोष्टी वेगळ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी गाड्यांत शिरलं, अशा गाडीला लगेच चावी फिरवायची नाही, आधी बॅटरीचा मायनस काढायचा, आणि कपलरचा गंज कधी कधी लई उशिरा त्रास देतो, म्हणून जुनी गाडी घेताना कार्पेट उचलून बघा. दुसरं उंदीर. उसाच्या रानाकडंला गाडी लावत असाल तर हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) दात मारलेत का ते टॉर्च घेऊन बघा.

बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरी जोडलेली ठेवणं, जंपर केबल उलटी लावणं, यानं मात्र ईसीएम खरंच जाऊ शकतो.

सप्लाय, अर्थ, कॅन ठीक, सगळे सेन्सर काढले तरी ५ व्होल्ट येईना, तेव्हाच ईसीएमवर बोट ठेवा. भंगारातला घेणार असाल तर लेबलवरचा पार्ट नंबर जुळवा, आणि इमोबिलायझरचं (चावी ओळखणाऱ्या लॉकचं) कोडिंग कोण करून देणार ते पैसे द्यायच्या आधी ठरवा, नाहीतर इंजिन सुरू होणार नाही. आणि जुना ईसीएम दुकानात सोडून येऊ नका, क्लोनिंग (जुन्यातला डेटा दुसऱ्यात उतरवणं) करायचं झालं तर डेटा त्यातूनच काढायचा असतो.