इंग्लंडचं विनोदी नाटक कोल्हापुरात बसवताना

संहिता हातात आली की लगेच भाषांतराला बसू नका. आधी वही घ्या आणि प्रत्येक प्रवेशापुढं एवढंच लिहा: इथं कोण काय झाकतंय? इंग्रजांच्या विनोदी नाटकांत हसू बहुतेक वेळा तिथूनच येतं. कुणाचा पैसा आटलाय, कुणाला वरच्या पायरीवरच्या माणसांत बसायचंय, कुणाचा संसार मोडत आलाय. हौशी रंगभूमीवर मी पंचवीस वर्षं नाटकं बसवतेय. पहिल्यांदा असलं नाटक घेतलं तेव्हा ओळीला ओळ लावून मराठी केलं होतं. शब्द सगळे बरोबर, पण केशवराव भोसले नाट्यगृह पहिला अंकभर गप्प बसलं. त्या शांततेनं मला ही वही शिकवली.

सुरुवातीला अ‍ॅलन एकबोर्नचं ‘अ‍ॅब्सर्ड पर्सन सिंग्युलर’ वाचा. १९७२ चं आहे, पण आजही ताजं आहे. तीन जोडपी, तीन नाताळ, तीन स्वयंपाकघरं. पहिल्या अंकात छोटा दुकानदार सिडनी बँकेच्या मॅनेजरला घरी बोलावतो, कारण त्याला धंदा वाढवायचाय. दारूत मिसळायचं टॉनिक वॉटर संपतं, म्हणून त्याची बायको जेन गमबूट घालून भर पावसात बाहेर पडते आणि परत आत यायची पंचाईत होते.

आता हे आपल्याकडं आणा. नाताळाच्या जागी लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ घ्या. दुकान लक्ष्मीपुरीत, साहेबांचा बंगला ताराबाई पार्कात. दारूचा प्रश्नच नको. साहेबांना मधुमेह, चहा बिनसाखरेचा, आणि घरातल्या शुगर फ्रीच्या गोळ्या संपलेल्या. परतीचा पाऊस कोसळतोय आणि बाई नवऱ्याचा रेनकोट चढवून मागच्या दारानं धावतेय. इथं पंच लिहावा लागत नाही, पहिल्या रांगेतल्या बायका आपोआप हसतात, कारण ही धावपळ त्यांनी केलेली असते.

खरी कसोटी दुसऱ्या अंकाची. दुसऱ्या जोडप्यातली बायको इव्हा जीव द्यायच्या प्रयत्नात आहे आणि अंकभर जवळजवळ बोलतच नाही. ती ओव्हनमध्ये डोकं घालते, तर जेनला वाटतं ती ओव्हन साफ करतेय, म्हणून स्वतःच घासायला बसते. कुणी सिंक दुरुस्त करतंय, कुणी दिवा. तालमीत नटांना एकच बजावा: तुम्ही मनापासून मदत करताय, हसवायला आलेला नाही. एकानं जरी प्रेक्षकांकडं बघितलं तरी अंक पडला. आणि इव्हाचं काम करणाऱ्या मुलीला रोज तालमीनंतर थोडा वेळ द्या, तिच्याशी बोला. भूमिका जड आहे.

दारं आणि धावपळ शिकायची तर मायकेल फ्रेनचं ‘नॉइझेस ऑफ’ (१९८२) बघा. त्याच्या दुसऱ्या अंकात नेपथ्य उलटं फिरतं आणि विंगेतली भांडणं जवळजवळ मुकाट्यानं चालतात. असे प्रवेश आम्ही आकडे मोजत बसवतो, संवाद नंतर. नेपथ्याची दारं पहिल्या आठवड्यातच उभी करा, साध्या प्लायची चालतील. खडूच्या रेघांवर टायमिंग येत नाही.

रूपांतराची आणि प्रयोगाची लेखी परवानगी हक्कधारकाकडून आधी मागवा, मगच तारीख ठरवा. नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं.

आता परत एकबोर्नच्या नाटकाकडं. तिसऱ्या अंकात पारडं फिरलेलं असतं. दुकानदार आता श्रीमंत, आणि तो येतोय म्हटल्यावर मॅनेजरच्या घरातली माणसं दिवे घालवून लपून बसतात. आपल्या रूपांतरात ही लक्ष्मीपूजनाची रात्र आहे. बाहेर फटाके, सगळीकडं पणत्या आणि रंगमंचावर एकच अंधारं घर. प्रकाशयोजनाकाराला सांगा, तो अंधार पूर्ण दहा सेकंद ठेव. मगच मागच्या दाराची कडी वाजू दे.