हिवाळ्यातला टोर्नेडो: अमेरिकेतली अवेळी वादळं दुरून कशी वाचायची

आधी घड्याळ नीट लावा. सगळ्यात वर हेच लिहितोय, कारण माझी पहिली मोठी फजिती तिथेच झाली. हवामानाचे नकाशे यूटीसीत, म्हणजे जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत चालतात. कोपऱ्यात १२झेड (त्या वेळेने दुपारचे बारा), ००झेड (मध्यरात्र) असं लिहिलेलं असतं. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. १० डिसेंबर २०२१ च्या शुक्रवारी रात्री केंटकीकडे मोठा धोका आहे असं वाचून मी शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसायचं ठरवलं. आता तिथली शुक्रवारची रात्र म्हणजे आपली शनिवारची सकाळ, एवढं साधं गणित! मेफील्ड गावावरून टोर्नेडो गेला तेव्हा तिथे रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते, इथे सकाळचे नऊ. मी गाडी धूत होतो.

तेव्हापासून भिंतीवर एक कागद चिकटवलाय. नॉर्मन, ओक्लाहोमा इथल्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा (अमेरिकेचं सरकारी वादळ-अंदाज केंद्र) त्या दिवसाचा अंदाज पाच वेळा निघतो. आपल्या घड्याळाने सकाळी ११:३०, संध्याकाळी ६:३०, रात्री १०, मग १:३० आणि पहाटे ६:३०. नोकरी करणाऱ्याने रात्री दहाचा वाचावा आणि झोपावं. रंगीत नकाशा पाहून थांबू नका, खालचा मजकूर वाचा. धोका कशामुळे आणि शंका कुठे आहे, ते त्यातच असतं.

उन्हाळ्यातली वादळं बघून आलेला माणूस पहिल्यांदा केपचा, म्हणजे वर चढणाऱ्या हवेला मिळणाऱ्या ऊर्जेचा, आकडा शोधतो. हिवाळ्यात ती सवय सोडा. ऊन कोवळं, त्यामुळे ही ऊर्जा बऱ्याचदा तुटपुंजीच. पण जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, याच दिवसांत सगळ्यात जोरात असतो. केप ५०० जूल प्रतिकिलोच्या आत आणि जमिनीपासून ६ किमीपर्यंतचा विंड शिअर (उंचीनुसार वाऱ्याच्या वेगात आणि दिशेत पडणारा फरक) सेकंदाला १८ मीटरच्या वर, अशा वादळांचा तिथले अंदाजकार वेगळा गट धरतात. नकाशावर ती बिचारी वाटतात आणि हमखास चकवतात.

मी स्वतः पैज लावतो ती दवबिंदूवर, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं त्यावर; तो जितका वर, तितका हवेत ओलावा जास्त. मेक्सिकोच्या आखातातून ओलावा किती उत्तरेला पोचलाय हे बघायला विमानतळांचे मेटार, म्हणजे तिथल्या हवामानाच्या सांकेतिक नोंदी, उघडा. त्यात १८/१६ असं दिसलं तर तापमान १८, दवबिंदू १६ अंश सेल्सिअस. वाऱ्याचा गट १८०२५जी३८ असेल तर वारा थेट दक्षिणेकडून, २५ नॉटचा, झोत ३८ चे. आता हेच विमानतळ दर तासाला बघा. दिवस मावळल्यावर हवा गार पडायला हवी. ती गार न पडता दवबिंदू उलट १३, १४, १६ असा चढत असेल, तर आखातातून रसद सुरू आहे. डिसेंबरच्या रात्री हे दिसलं की मी खुर्ची पुढे ओढतो.

'तिथे तर बर्फ पडलाय, कसलं वादळ' हेही मनातून काढा. १५ डिसेंबर २०२१ ला उबदार हवा इतक्या वेगाने वर सरकली की मिनेसोटात बर्फ वितळून धुकं पसरलं, आणि संध्याकाळी त्याच राज्यात डिसेंबरातला नोंदवलेला पहिला टोर्नेडो झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये विस्कॉन्सिननेही फेब्रुवारीतले आपले पहिले टोर्नेडो पाहिले.

एक गोष्ट मात्र हवामानाच्या फुग्याच्या आलेखात (उंचीनुसार तापमान, ओलावा आणि वारा) तपासल्याशिवाय उत्साहात येऊ नका. हे फुगे ००झेड आणि १२झेडला सोडतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला. जमिनीलगत गार हवेचा थर पसरला असेल आणि उबदार हवा त्याच्या वरून सरकत असेल, तर वादळ त्या थराच्या डोक्यावर चालतं. गारा पडतील, विजा होतील, पण टोर्नेडोची शक्यता फार कमी.

रडारवर दोन सापळे आहेत. एक, ही वादळं बुटकी. रडारचा सगळ्यात खालचा ०.५ अंशाचा झोतसुद्धा १०० किमीवर जमिनीपासून दीड किमी उंच जातो, १६० किमीवर जवळजवळ तीन. म्हणजे लांबच्या वादळाची खालची गिरकी दिसतच नाही, म्हणून जवळचं रडार निवडा. दुसरा सापळा वेगाचा. मेफील्डचा टोर्नेडो २६६ किमी चालला, तेही तीन तासांच्या आत. म्हणजे ताशी नव्वदच्या आसपास. चहा आणायला उठलात तर गाव मागे पडतं. वादळांची रांग असेल तर ती जिथे मोडते किंवा धनुष्यासारखी फुगते तिथे नजर ठेवा. तिथल्या गिरक्या काही मिनिटांत तयार होऊन विरतात. वेगाच्या चित्रात हिरवं म्हणजे रडारकडे येणारं, लाल म्हणजे दूर जाणारं. दोन्ही गडद रंग एकमेकांना खेटले, आणि नेमक्या त्याच जागी कोरिलेशन कोइफिशंटच्या (रडारला दिसणाऱ्या वस्तू एकसारख्या आहेत की नाहीत ते दाखवणाऱ्या चित्राच्या) लालसर पट्ट्यात निळसर भोक पडलं, तर रडारला पावसाचे थेंब नाही, पत्रे आणि फळ्या दिसतायत. मेफील्डचं ते भोक मी नंतर साठवलेल्या चित्रांत पाहिलं. त्या एका टोर्नेडोने ५७ माणसं नेली. तेव्हापासून असं चित्र दिसलं की 'भारी' असं लिहायला हात धजत नाही.

तिकडे आपलं कुणी राहत असेल तर वॉच आणि वॉर्निंग यांतला फरक पाठ करा. वॉच म्हणजे मोठ्या भागात, काही तासांत वादळाला पोषक स्थिती. वॉर्निंग म्हणजे रडारवर दिसलंय किंवा कुणी पाहिलंय, आता आसरा घ्या. माझा मावसभाऊ टेनेसीत असतो. एका जानेवारीत मी त्याला त्याच्या रात्री तीन वाजता उठवलं. त्याने फोनकडे बघितलं असावं, मग शांतपणे म्हणाला, "दादा, वॉच आहे रे, तेही शेजारच्या राज्यात." आता आमचं ठरलंय: त्याच्या काउंटीला (तिथला जिल्हा) वॉर्निंग लागली तरच फोन करायचा, आणि तो दोनदा वाजवायचा.

वही ठेवा. वादळाआधी दवबिंदू, शिअर आणि आपला अंदाज लिहायचा, नंतर काय झालं ते शेजारी. बहुतेक पानांवर 'काहीच नाही' असेल. टोर्नेडोची श्रेणी मात्र रडार बघून लिहू नका. ती जागेवर जाऊन, पडझड पाहून ठरते. मेफील्डपुढे मी घाईने ईएफ-५, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, लिहून टाकलं होतं. पाहणीत वारे ताशी १९० मैलांचे ठरले आणि पाचची हद्द दोनशेच्या पुढे सुरू होते. तिथे आता खाडाखोड करून ४ केलंय.