आधी अर्थ बघ, मग सेल्फ खोल

टोमॅटोचा सीझन लागला की नारायणगावच्या बाजाराच्या वाटेवर ऑटो इलेक्ट्रिशियनला डबा खायला फुरसत मिळत नाही. क्रेट भरलेली पिकअप बंद पडली की इंजिनाआधी ड्रायव्हर तापतो. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल'चं एक वर्ष करून मी तिथल्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा वायरिंग म्हणजे लाल वायर, काळी वायर आणि टेपचा रोल एवढीच माझी समज होती. या कामात नवीन येणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय.

पहिल्याच महिन्यात एका जुन्या डिझेल पिकअपने मला जमिनीवर आणलं. सकाळी घरून व्यवस्थित निघायची. बाजारात तासभर उभी राहिली की चावी फिरवल्यावर नुसतं एक 'टक्'. मालकाने आधीच नवी बॅटरी घातली होती, दुसरीकडे कुठेतरी सेल्फचे, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरचे, कार्बन आणि बुशही बदलून झाले होते. मी बॅटरीला मीटर लावला. 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. मग दोष सोलेनॉइडचाच, म्हणजे चावी फिरवल्यावर सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचाच, असं ठरवून तो बदलला. गाडी सुरू झाली आणि माझी कॉलर ताठ. दुसऱ्या दिवशी तीच गाडी टोचन करून दारात.

वस्तादांनी एकच विचारलं, "ड्रायव्हर काय म्हणाला होता?" ॲक्सिलेटर जड लागतोय, असं तो म्हणाला होता. केबलचं काम आपलं नाही म्हणून मी ते कानाआड केलं होतं. वस्तादांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर टेकवली, क्लँपवर नाही, थेट शिशाच्या खांबावर. दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. मला चावी मारायला लावली. मीटरने 6 व्होल्ट दाखवले. सेल्फ फिरताना तिथे 0.2, फार तर 0.3 दिसायला हवं.

डिझेल पिकअपचा सेल्फ सहज दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. तेवढा करंट जाड वायरने जातो हे सगळ्यांना दिसतं. तो परतही यायला लागतो, हे कोणी बघत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि चासी यांच्यातली विणलेली अर्थची (बॅटरीच्या मायनसकडे जाणारी) पट्टी हीच परतीची वाट. या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग करताना कोणीतरी पट्टीच्या बोल्टखालीही रंग मारला होता, आणि रंगाखाली गंज धरला होता. पट्टीतून वाट मिळेना म्हणून करंट ॲक्सिलेटरच्या केबलमधून परतत होता. ती बिचारी बारीक तार तापायची, आतलं प्लास्टिक वितळायचं, म्हणून ॲक्सिलेटर जड. मी सोलेनॉइड बदलताना झालेल्या हलवाहलवीत जोड तात्पुरता बसला, तेवढ्यावर मी स्वतःला मिस्त्री समजून बसलो.

बोल्ट काढला, जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, दातेरी वॉशर घातला, वरून व्हॅसलिन. वीस मिनिटांचं काम. घाईच्या वेळी याहून सोपी युक्ती आहे. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनाला लावायचं. गाडी झटक्यात सुरू झाली तर दोष अर्थचा. सेल्फला पाना लावायचीही गरज नाही.

तेव्हापासून मी उभ्या गाडीवर मोजलेल्या व्होल्टवर विश्वास ठेवत नाही. वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच धागा उरला असला तरी मीटर 12 दाखवतो. हेडलाइट मात्र त्यावर लागत नाही. मोजायचं ते लोड चालू असताना, म्हणजे सेल्फ किंवा दिवा करंट ओढत असताना. म्हणून एलईडीच्या टेस्टरपेक्षा 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब, एक होल्डर आणि दोन वायरींचा टेस्ट लॅम्प स्वतः बनवा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो आणि कमजोर वायर लगेच उघडी पाडतो. फक्त ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असलेल्या नव्या गाड्यांच्या सेन्सर वायरींना तो लावू नका. तिथे मल्टीमीटरच.

आवाज ऐकायला शिका. सलग 'टकटकटक' झालं तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. चावी मारताना बॅटरीवर मोजा. साडेनऊ व्होल्टच्या खाली गेली तर आधी तिचं बघा. एकच जोरदार 'टक्' म्हणजे सोलेनॉइडपर्यंत करंट पोचला, पुढे सेल्फ, जाड वायर किंवा अर्थ. काहीच आवाज नाही तर चावीचा स्विच. त्याच्यामागे बहुतेक वेळा 30, 15 आणि 50 असे आकडे असतात. 30 ला बॅटरीचा सतत करंट, चावी ऑन केली की 15 ला, पुढे फिरवून धरली की 50 ला. जुन्या गाडीत सोलेनॉइडचा सगळा करंट या स्विचमधूनच जातो आणि आतले पॉइंट जळत राहतात. स्विच तर बदलाच, पण मध्ये रिलेही टाका, म्हणजे चावीच्या थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. रिलेच्या 85-86 पिनांवर चावीची 50 आणि अर्थ, 30 वर बॅटरीकडून फ्यूजमधून, 87 सोलेनॉइडला. मग तोच स्विच पुढे कितीतरी वर्षं पुरतो.

मोबाइलवर अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ बघून पोरं कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर शोधत बसतात. त्यातल्या बहुतेक गाड्या पेट्रोलच्या. आपल्या डिझेलला ठिणगीच लागत नाही. सेल्फ जोमात फिरतोय पण इंजिन उचलत नाही, तर चावी ऑन केल्यावर डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडचा 'टिक' येतो का ते कान लावून ऐका. जुन्नरच्या थंडीत फक्त पहाटेच त्रास असेल तर थंड इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग बघा.

वायरींच्या रंगावर जाऊ नका. तुमच्याआधी तीन मिस्त्री त्या गाडीत हात घालून गेलेले असतात. टेप, रिव्हर्स हॉर्न, मागचे चमचमणारे दिवे, सगळं मिळेल त्या वायरला चिकटवलेलं. मी वहीत रेघा मारून त्या गाडीचा नकाशा काढतो, मगच कापतो. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली दिसली तर ती काढल्याशिवाय पुढचं काम करायचं नाही, मालक कितीही घाई करो. बॅटरी काढताना मायनस आधी. हातातलं स्टीलचं घड्याळ खिशात. माझ्या मनगटावरचा डाग अजून आहे. आणि स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करण्याआधी गिअर न्यूट्रल आहे हे स्वतः बघा, ड्रायव्हरच्या तोंडावर जाऊ नका.

आयटीआयत न शिकवलेली गोष्ट पैशाची. त्या पिकअपचा मालक संध्याकाळी आला, म्हणाला, "काय टाकलं मिस्त्री?" मी म्हटलं, काही नाही, अर्थ घासला. त्याने शंभरची नोट काढली. वस्ताद आतूनच म्हणाले, "शेठ, बॅटरी, कार्बन आणि या पोराने टाकलेला सोलेनॉइड, यांचे किती झाले?" शेठ गप्प. सोलेनॉइडचे पैसे वस्तादांनी परत केले, ते माझ्या पगारातून गेले. दोष शोधायचे मात्र पूर्ण घेतले. आता गाडी आत घ्यायच्या आधीच मी सांगतो: शोधायचे इतके, सामान लागलं तर वेगळं. निम्मे लोक वळून पुढच्या गॅरेजात जातात. त्यातले काही टोचन करून परत येतात.