जळगावात वृंदगान उभे करताना

व्यावसायिक वृंदगानाचा लौकिक एखाद्या सुरेल गळ्यावर नव्हे, तर अनेक गळे एका नादात मिसळण्यावर टिकतो. इंग्लिश संगीत-संचालक जॉन इलियट गार्डिनर यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेला मॉन्टेव्हर्डी क्वायर हा गायकवृंद याच शिस्तीसाठी ओळखला जातो. जळगाव-धुळ्याकडे भजनी मंडळांतून तालाला पक्के आवाज मिळतात, मात्र तिथला मोकळा, टिपेचा सूर इथे आवरावा लागतो. सोप्रानो (स्त्रियांचे उंच आवाज), आल्टो (स्त्रियांचे खालचे), टेनर (पुरुषांचे उंच) आणि बास (पुरुषांचे खालचे) असे चार गट पाडून प्रत्येकाची तालीम आधी स्वतंत्र घ्यावी. दीर्घ स्वरावर शेजाऱ्यांनी एकाच वेळी श्वास न घेता आळीपाळीने घ्यावा, म्हणजे नाद तुटत नाही. मला हीच सवय सर्वांत मोलाची वाटते. शब्दाअखेरचा ‘स’ सर्वांचा एकाच क्षणी यावा. उन्हाळ्यात तालीम सकाळीच ठेवावी.